शंभरावा शब्द

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्हाला जे स्टॉपवॉच मिळायचं त्याचा काटा सेकंदाच्या पाचव्या भागानं पुढं सरकायचा. टिकटिक ऐकू यायची. विभागात अशी चारच घड्याळं, लोखंडी कपाटात कुलपात ठेवलेली. घरी न्यायची असतील तर वहीत सही करावी लागे आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी परत. २००६ च्या जानेवारीत, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, त्यातलं एक घड्याळ रुमालात गुंडाळून मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन गेले. प्रयोज्य म्हणून मला आज्जी हवी होती.

प्रयोज्य हा पुस्तकातला शब्द. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. ‘प्रयोगकर्ता’ म्हणजे मी. जर्नलमध्ये असंच लिहावं लागे: प्रयोज्य स्त्री, वय अंदाजे ६६, शिक्षण दुसरी, मातृभाषा मराठी. हे शेवटचं मी कुणालाही न विचारता लिहिलं.

आमचं कॉलेज तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेलं होतं. बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ पुढं २०१० ला झालं. वर्गात पुस्तक इंग्रजी, समजावणं कानडीत, आणि मागच्या बाकावर आम्ही चौघी ते आपापसात मराठीत करून घ्यायचो. विषयाचं नावसुद्धा वर्गाबाहेर पडलं की बदलायचं. कानडी मैत्रिणी मनोविज्ञान म्हणत, आम्ही मानसशास्त्र. गावात विचारलं, “काय शिकूलालीस गं?” तर त्याला काय सांगावं हा रोजचा प्रश्न. ‘मनाचा अभ्यास’ म्हटलं की समोरचा हात पुढं करायचा, जणू मी भविष्य सांगणार आहे. एक काका मात्र गंभीर होऊन म्हणाले होते, “चांगलंय. आमच्याकडं कुणाला काय झालं तर एकतर देवर्षी, नाहीतर थेट धारवाड. मधलं कुणी नाही.” धारवाड म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. आमच्या भागात गावाचं नाव घेतलं तरी अर्थ कळतो. काकांचं ते ‘मधलं कुणी नाही’ मी कधी विसरले नाही.

पहिल्या वर्षी सगळ्यांना शिकवतात तेच आम्हालाही शिकवलं. १८७९ साली लाइपझिगला विल्हेल्म वुंटनं प्रयोगशाळा काढली आणि मनाचं मोजमाप सुरू झालं. भारतात कोलकात्याला १९१६ मध्ये विभाग निघाला, म्हैसूरला १९२४ मध्ये. म्हैसूरच्या विभागाचे एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनला स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाकडं शिकून आलेले. त्यांनीच १९३५ मध्ये म्हैसूरला स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला नाव दिलं ‘आकाशवाणी’. हे ऐकलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मानसशास्त्राच्या मास्तरानं रेडिओ काढावा हे मला अगदी बरोबर वाटलं. आमच्या घरात रेडिओ फक्त आज्जीचा. दुपारी भांडी झाली की ती धारवाड केंद्र लावायची, कानडी गाणी, कानडी बातम्या, आणि आवाज बारीक करून सोप्यात पडायची. आम्ही समजायचो तिला सोबतीला नुसता आवाज लागतो. दोन वर्षं मानसशास्त्र शिकूनही मला त्यात काही दिसलं नाही.

तर ती चाचणी. शब्द-साहचर्य चाचणी म्हणतात तिला. प्रयोगकर्त्यानं एक शब्द म्हणायचा, प्रयोज्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, मधला वेळ घड्याळावर मोजायचा. युंग या मानसोपचारतज्ज्ञानं झुरिकच्या रुग्णालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर खूप काम केलं. माणूस कुठं अडखळतो, कुठं उशीर लावतो, कुठं दिलेलाच शब्द परत म्हणतो, हे पाहायचं; जिथं वेळ लांबतो तिथं खाली काहीतरी दुखरं असतं असा त्याचा अनुभव. आम्ही जी यादी वापरायचो ती मात्र अमेरिकेतली. केंट आणि रोझानॉफ यांनी १९१० मध्ये शंभर शब्द एक हजार साध्यासुध्या माणसांना विचारले, आणि कुठल्या शब्दाला किती जणांनी काय म्हटलं त्याची कोष्टकं केली. बहुतेक लोक बहुतेक शब्दांना तेच ते म्हणतात. टेबल म्हटलं की खुर्ची. जो शब्द त्या हजारात कुणीच म्हटलेला नाही, तो वेगळा काढायचा. मनोरुग्णांच्या उत्तरांत असे एकांडे शब्द जास्त निघाले, हे त्यांचं निरीक्षण.

यादी इंग्रजीत होती. तिचं मराठी मी एका रविवारी माडीवर बसून केलं आणि मला वाटलं, झालं काम. व्हिस्कीला दारू, बायबलला पोथी, स्टोव्हला चूल, चीजच्या जागी खवा. शब्दाच्या जागी शब्द ठेवला की चाचणी इकडची होते असं मी धरून चालले होते. पुढं तिसऱ्या वर्षाला बुद्धिमापन शिकताना व्ही. व्ही. कामत यांचं नाव आलं. बिनेची बुद्धिमापन चाचणी त्यांनी १९३४ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी नव्यानं बसवली आणि त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे: कानडी आणि मराठी बोलणारी मुलं. तेव्हा बेळगाव, धारवाड, सगळं मुंबई इलाख्यात. दोन भाषांची मुलं एकाच चाचणीखाली घेताना प्रश्नाचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. तो प्रश्न इथल्या कुठल्या वयाच्या मुलाला जमतो हे पुन्हा मुलांसमोर बसून बघावं लागतं. मला तो माणूस फार मोठा वाटतो. आज सीमाभागाबद्दल जे काही लिहिलं बोललं जातं त्यात कामतांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, आणि ते असायला हवं.

आज्जी जात्याजवळच्या पाटावर बसली. मी समोर. तिनं पदर नीट केला, जसा फोटोला करतात.

“मी एक शब्द म्हणणार. तू पटकन जे मनात येईल ते म्हणायचं. विचार करायचा नाही.”

“विचार न करता बोलल्यावर घरात भांडणं होतात,” ती म्हणाली. पण तयार झाली.

टेबल. “मास्तर.” दुसरीपर्यंतच्या शाळेत एकच टेबल असणार, आणि त्याच्यामागं मास्तर. चूल. “धूर.” डॉक्टर. “सुई.” चंद्र. “संकष्टी.” तंबाखू म्हटल्याबरोबर “निपाणी”, घड्याळाचा काटा दीड सेकंदसुद्धा गेला नव्हता. नदीला तिनं “मलप्रभा” म्हटलं, पण तीन सेकंदांनी. मी लिहून घेतलं आणि पुढं गेले. मलप्रभा म्हणजे आमचीच नदी, कणकुंबीला उगम, खानापुरावरून जाते. तीन सेकंद कशाला लागले हे मी विचारायला हवं होतं.

शब्द संपत आले तशी ती रंगात आली. मीठ, रस्ता, राजा, खवा, मोहोर. मग शेवटचा, शंभरावा. इंग्रजी यादीत तो ‘भ्यालेला’ अशा अर्थाचा आहे. मी ‘भीती’ लिहिलं होतं.

“भीती.”

काटा फिरत राहिला. पाच सेकंद. आठ. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, पण नियमानं मला परत म्हणता येत नव्हतं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, माझ्या मागं भिंतीकडं बघत होती. अकरा सेकंदांनी ती म्हणाली, “मळी.”

मळी म्हणजे काय हे ऊस पिकणाऱ्या मुलखात पोरासोरांना ठाऊक असतं. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. मी वहीत लिहिलं, ‘मळी’, पुढं ११, आणि एक फुली. मला एकदम काळजी वाटली. कोष्टकाच्या भाषेत हे एकांडं उत्तर होतं, एकांड्यातलं एकांडं. भीतीला मळी कोण म्हणेल? घड्याळ बंद करून मी विचारलं, “मळी का गं?” ती उठली होती. “झालं न्हवं शंभर? दूध उतू जाईल,” म्हणाली आणि आत गेली.

जर्नलमध्ये मी ‘चर्चा’ या मथळ्याखाली दीड पान लिहिलं. मळीचा काळा रंग, चिकटपणा, अडकून पडण्याची भावना, स्त्रीजीवनातली घुसमट. फ्रॉईडचं नाव घातलं. वाचताना मला माझंच कौतुक वाटत होतं. वीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या मनाबद्दल लिहायला मिळालं की तिला थांबवायला कुणीतरी लागतं, आणि त्या वेळी माझ्याजवळ कुणी नव्हतं.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मार्चमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक धारवाडकडचे, वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून जर्नल चाळणारे. माझं दीड पान त्यांनी शांतपणे वाचलं. मग यादीवर परत आले, शंभराव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि त्या आधीच्या ओळींतून बोट वर नेत नेत नदीपाशी थांबवलं.

“निम्म अज्जीदु याव ऊर?” तुझ्या आज्जीचं गाव कुठलं?

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. “ते नाही. माहेर.”

“रामदुर्गकडं,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच माझ्या पोटात काहीतरी हललं.

“मग हे मळी आमचं आहे,” ते म्हणाले. “पाऊस.”

शाळेत मला कानडी होतं. पाऊस म्हणजे ‘मळे’, पुस्तकात असंच. पण धारवाड, सौंदत्ती, रामदुर्ग या भागात शेवटचा ‘ए’ बोलताना ‘इ’ होतो. मने म्हणजे घर, त्याचं मनी, तसं मळेचं मळी. मी हे बाजारात, बसमध्ये हजारदा ऐकलं होतं. आज्जीच्या तोंडून ऐकायची मला सवय नव्हती, कारण आज्जी कानडी बोलायचीच नाही. परीक्षकांनी मला त्या प्रयोगाला चांगले गुण दिले. दीड पानाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. “परत जाऊन विचारा,” एवढंच.

मी विचारलं. सरळ नाही, कारण आज्जीला सरळ विचारलेलं आवडत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही फणसाचे गरे काढत बसलो होतो, हाताला तेल लावून. मी म्हटलं, “आज्जी, तुमच्याकडं रामदुर्गला पाऊस कमी ना?” आणि ती सांगत गेली.

तिकडं पाऊस कमी म्हणूनच घरं मातीची, वर कौलं नाहीत, मातीचं सपाट छत. पाऊस आला की लोक आनंदानं बाहेर येतात. पण एका वर्षी तो आला आणि थांबला नाही. दिवसरात्र झड. मातीचं छत पाणी पीत राहतं, जड होत जातं, भिंती खालून मऊ पडतात. रात्री तिच्या शेजारी भिंतीकडेला झोपलेली धाकटी बहीण त्या भिंतीखाली गेली. आज्जी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. हे तिनं फणसावरून नजर न उचलता सांगितलं, मराठीत. फक्त ‘भिंत’ न म्हणता ‘ग्वाडी’ म्हणाली आणि ‘बहीण’ न म्हणता ‘तंगी’.

खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगते ते कळेल. जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत सूर्य विसरायला होतो. त्या मुलखात ती लग्न होऊन आली आणि पन्नास पावसाळे राहिली. आम्हाला लहानपणापासून एक गोष्ट माहीत होती: पावसाच्या रात्री आज्जी आमची अंथरुणं भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये आणायची. “भितीकडनं सरका.” आम्ही समजायचो ओल लागू नये म्हणून. आई समजायची विंचवाकाट्याचं. ती स्वतः मध्यावर बसून राहायची, वाकळ पांघरून, कंदिलाची वात बारीक करून. म्हातारीला झोप कमी, असं घरात सगळे म्हणत. मी त्या वाकळीच्या उबेत वाढले आणि मलाही तसंच वाटायचं.

आणि कानडी? तेही फणसाच्याच दुपारी कळलं. तिचं लग्न १९५५ चं. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. आमचे पणजोबा, आजोबा, सगळं गाव त्या अन्यायानं पेटलेलं. आजोबा शेवटपर्यंत काळ्या दिनाच्या फेरीला जात, आणि आपली भाषा आपल्या सरकारी कागदावर असावी या त्यांच्या मागणीबद्दल मला आजही पूर्ण आदर आहे. पण त्या वर्षी त्या घरात सोळा वर्षांची एक सून होती, जिला मराठी नुकतं येऊ लागलं होतं. सासूनं एकदाच सांगितलं, या घरात ती भाषा नको. मारलं नाही, रागावली नाही. आज्जी म्हणाली, “तोंड गप केलं. आत काय चाललंय ते कोण बघतंय?”

तिसऱ्या वर्षी सामाजिक मानसशास्त्रात हेन्री ताजफेल आला तेव्हा माझ्यासाठी तो परीक्षेपुरता उरला नव्हता. पोलंडमधल्या ज्यू घरातला हा मुलगा फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या युद्धकैदेत राहिला, सुटून आला तर घरचे जवळजवळ सगळे मारले गेलेले. १९७१ च्या सुमारास त्यानं ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. चौदा-पंधरा वर्षांची पोरं. त्यांना सांगितलं, तुम्हाला क्लेची चित्रं आवडली, तुम्हाला कँडिन्स्कीची. एवढ्यावर दोन गट. कोण कुठल्या गटात हेही एकमेकांना ठाऊक नाही. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले हे समजू शकतं. पण पुष्कळदा त्यांनी आपल्या गटाचा फायदा थोडा कमी झाला तरी चालेल, दोघांतला फरक मोठा राहिला पाहिजे, असं वाटप निवडलं. आमच्या वर्गात कानडी बाकं डावीकडं होती, मराठी उजवीकडं. कुणी ठरवलेलं नव्हतं. तो तास संपल्यावर कुणी लगेच उठलं नाही. डावीकडची एक मुलगी माझ्याकडं पाहून हसली, नेहमीपेक्षा वेगळं. मला त्या क्षणी आज्जीला कुठल्या बाकावर बसवावं ते कळेना.

पुढं मी एम.ए. केलं, आता बेळगावात समुपदेशन करते. माझ्या खोलीत येणारी निम्मी माणसं सुरुवात एका भाषेत करतात आणि रडतात दुसऱ्या भाषेत. याचा अभ्यास झालेला आहे. २००३ मध्ये तुर्की मातृभाषेच्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेतला सूक्ष्म बदल मोजला. शिव्यांना शरीर दचकलंच, पण लहानपणी आईबाप ओरडतात तसली वाक्यं तुर्कीत ऐकली तेव्हा इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त दचकलं. तो लेख मी वाचला तेव्हा मला विभागातलं ते घड्याळ आठवलं, आणि अकरा सेकंद. नव्व्याण्णव शब्द ती मराठीत शोधत होती आणि तिला सापडतही होते. शंभरावा तिथं नव्हताच.

म्हणून मी पहिल्या भेटीत नाव, वय, तक्रार विचारायच्या आधी आईचं माहेर विचारते. लोकांना वाटतं ओळखी काढतेय. इकडं तसंही कुणी भेटलं की ओळखी काढतातच, त्यामुळं कुणाला खटकत नाही. कुणी म्हणतं चिकोडीकडं, कुणी चंदगड, कुणी गोकाक. मग मी थोडं थांबते. एखादी बाई ‘जीव खालवर होतो’ म्हणता म्हणता मध्येच ‘संकट आगतैति’ म्हणते, तेव्हा ते इंग्रजी फॉर्मवर कुठल्या चौकोनात घालायचं ते मी नंतर बघते. त्या संकटाला मराठीतलं संकट समजायचं नाही, एवढं मला आता पक्कं ठाऊक आहे. तिकडं तो शब्द आत होणाऱ्या कालवाकालवीसाठी आहे, बाहेरून कोसळणाऱ्या गोष्टीसाठी नाही.

२०१५ नंतर आज्जी विसरू लागली. आधी किल्ल्या, मग नातवंडांची नावं, मग आजोबा गेले हेच. रिबो नावाच्या फ्रेंच माणसानं १८८१ मध्ये लिहून ठेवलंय की स्मृती जाते ती नव्याकडून जुन्याकडं. जे शेवटी आलं ते आधी जातं, जे मुळाशी आहे ते टिकून राहतं. पुस्तकात त्याला रिबोचा नियम म्हणतात, दोन गुणांच्या टिपेचा प्रश्न. आमच्या घरात तो नियम असा आला की एका सकाळी आज्जीची मराठी गेली. हळूहळूच गेली असणार, पण आम्हाला तसंच जाणवलं. ती बोलत होती, भरभरून, आणि घरात कुणाला कळत नव्हतं. काकी म्हणाली, बडबडतात, काहीही बोलतात. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ वर्षं जिच्याशी बोलले त्या आईचं एक वाक्य त्यांना समजत नव्हतं.

मला समजायचं, सगळं नाही, पण पुरेसं. मी शुक्रवारी बेळगावहून यायची आणि रविवारपर्यंत तिच्याजवळ बसायची. दुपारी धारवाड केंद्र लावायचं, आवाज मोठा. ती गाण्यांबरोबर ओठ हलवायची, सगळे शब्द पाठ.

२०१६ च्या एप्रिलमध्ये, बाहेर रणरणतं ऊन, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. ती दचकून जागी झाली आणि माझं मनगट धरलं. मला कोण समजली होती माहीत नाही, पण ‘अव्वा’ म्हणाली.

“अव्वा, मळी निंतैतेन?” आई, पाऊस थांबलाय का?

मी तिची खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणली.

“निंतैति,” मी म्हटलं. थांबलाय. “मल्को.” झोप.